पाचव्या गाडीवरचा रंग

कर्जतच्या भिसेगावातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची मागची गॅलरी सुरभीने काचा लावून बंद करून घेतली होती, आणि तिथे बसून ती रणगाडे रंगवायची.

खरे रणगाडे नव्हेत, हे शेजाऱ्यांच्या गळी उतरवायला तिला बरेच दिवस लागले. तळहातावर मावतील एवढ्या प्लास्टिकच्या गाड्या. कुठल्यातरी भलत्याच ग्रहावर, भलत्याच शतकात चाललेल्या युद्धातल्या. काहींना चाकंच नसायची, त्या म्हणे हवेत तरंगत. काहींच्या पाठीवर गाडीपेक्षा लांब तोफा. चांगली कमावती, लग्नं झालेली माणसं टेबलावर खोटे डोंगर मांडून, फासे टाकून ह्या गाड्यांची युद्धं खेळत. त्यातल्या ज्यांना रंगवायला सवड नसे किंवा हातात कला नसे, ते पुण्याहून, बंगळुरूहून तिला खोकी पाठवत. सुरभी त्या गाड्यांवर आणि त्यांच्यासोबतच्या बोटभर सैनिकांवर रंग चढवायची, मग गाड्यांच्या कडांना गंज चढवायची, चिखल उडवायची, गोळ्यांचे ओरखडे काढायची. नवी कोरी गाडी बारा गावचं पाणी प्यायल्यासारखी दिसायला लागली की काम झालं.

मुंबईत ती जाहिरातींच्या कंपनीत होती. आई गेल्यावर वडिलांना एकटं ठेवायला नको म्हणून कर्जतला परत आली आणि इथलीच झाली. वडील, वाल्मिक, खोपोलीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलगी काय करते असं कुणी विचारलं की ते सांगत, "खेळण्यांना रंग देती. पण मोठ्या माणसांची खेळणी हायेत ती, लहान पोरांची नायत."

तिची बहुतेक गिऱ्हाइकं तिने कधी पाहिलेलीच नव्हती. अपवाद फक्त हमदान मुकादमचा. तो खालापूरचा. पंचविशीतला मुलगा, घरचं लाद्यांचं आणि नळ-बेसिनचं दुकान सांभाळायचा आणि रविवारी पनवेलला मित्रांकडे जाऊन हे खेळ खेळायचा. कुरियरवर त्याचा भरवसा नव्हता. स्वतः मोटारसायकलवरून यायचा, दारात हेल्मेट काढून ठेवायचा, वाल्मिककाकांबरोबर चहा प्यायचा आणि हायवेच्या ट्रॅफिकला शिव्या घालून परत जायचा.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी तो असाच एक खोकं घेऊन आला.

"जुना माल आहे, ताई," तो म्हणाला. "नागपूरच्या एकाने खेळ सोडला, सगळं विकायला काढलं. रंग फार जाड बसलाय. उतरवून नव्याने करा. वाळवंटी रंग, तुम्ही मागे केला होतात तसा."

सुरभीने वर्तमानपत्राचे बोळे बाजूला केले. पाच गाड्या होत्या. सगळ्या एकाच जातीच्या, सैनिक वाहून नेणाऱ्या बंद पेट्यांसारख्या, वर छोटी तोफ. सगळ्यांवर तोच शेवाळी हिरवा रंग फासलेला.

"गंमत म्हणजे फोटोत चारच होत्या," हमदान म्हणाला. "खोक्यात पाच निघाल्या."

"मग त्याला कळवलंस का?"

"मेसेज केला. त्याचं अकाउंटच बंद झालंय." तो हसला. "जाऊ द्या. एक फुकटात."

जुन्या गाडीवर नवा रंग देण्याआधी जुना उतरवावा लागतो, नाहीतर थरावर थर बसतो आणि सगळं बारीक काम बुजून जातं. थिनरने प्लास्टिकच विरघळतं, म्हणून सुरभी अल्कोहोल वापरायची. स्टीलच्या पसरट डब्यात गाड्या बुडवायच्या, झाकण लावायचं, थोड्या वेळाने जुन्या टूथब्रशने घासायचं. रंग सायीसारखा सुटून येतो.

चार गाड्या दुपारच्या जेवणाआधीच साफ झाल्या. खाली राखाडी प्लास्टिक लागलं. तिने त्या धुऊन वर्तमानपत्रावर वाळत ठेवल्या आणि पाचवी हातात घेतली.

तिचा हिरवा उतरला आणि खाली विटकरी तांबडा निघाला. असतं असं. कुणीतरी आधी वेगळी रंगवलेली असते. तांबड्याखाली काळा आला, पुढच्या बाजूला पिवळे पट्टे. काळ्याखाली फिकट निळा, दारावर पांढरा आकडा, अगदी सुबक काढलेला. निळ्याखाली पुन्हा तांबडा.

सुरभीने ब्रश खाली ठेवला. गाडी भिंगाच्या दिव्याखाली धरली. एवढे थर बसल्यावर गाडी गुळाच्या ढेपेसारखी गुळगुळीत व्हायला हवी होती. पण प्रत्येक थराखाली रिव्हेटचे ठिपके तसेच टोकदार होते. दाराची फट तशीच बारीक होती. कुणीतरी ही गाडी पुन्हा पुन्हा रंगवली होती, आणि दर वेळी तिच्यापेक्षाही चांगली रंगवली होती.

डब्यात रंगाचा लगदा साचला होता. बाकीच्या चारही गाड्यांचा मिळून निघाला त्याहून जास्त. तिने ती गाडी एका साफ झालेल्या गाडीशेजारी ठेवून पाहिली. लांबी तेवढीच, उंची तेवढीच. एवढं सगळं अंगावरून उतरून ती तसूभरही बारीक झाली नव्हती.

"बाबा, हिचा रंग संपतच नाहीये," जेवताना ती म्हणाली.

"आतनं बी रंगाचीच असंल," वाल्मिक म्हणाले आणि ताटात आणखी भात वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी तोफ गळून पडली.

म्हणजे तुटली नाही. सुरभी बाजूचा रंग घासत होती, ब्रश तोफेला लागला आणि तोफ वाकली. तिने चिमट्यात धरून बघितली तर मेणासारखी मऊ. दोन बोटांत दाबली आणि तिची बोटं हिरवी झाली. तोफ अशी काही नव्हतीच. तो नुसता रंग होता.

प्लास्टिक अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. तिने खात्री करायला एक साफ झालेली गाडी पुन्हा डब्यात टाकली, वरून जोरात घासली. काही झालं नाही. तिच्या मनात आलं, कुणीतरी मुद्दाम वेगळ्या कसल्या पदार्थाची गाडी बनवली असेल. पण कशासाठी? आणि एवढे रंग दिल्यावर विकून का टाकली? ह्या क्षणी खरं तर हमदानला फोन करायला हवा होता. तिने केला नाही. खाली काय आहे ते तिला बघायचं होतं.

मग बाजूचे चिलखती पत्रे सुटले. ते घसरून डब्याच्या तळाशी गेले आणि तिथे त्यांचा डाग झाला. चाकांवरचे पट्टे दोऱ्यासारखे उलगडले आणि आत काळे टायर दिसले. मागच्या पेटीचा करडा रंग सुटला तशी निळी ताडपत्री दिसायला लागली, तिच्यावरून आडवे दोर, दोरांच्या गाठी. ताडपत्रीखाली लाकडी फाळके. फाळक्यांच्या फळ्यांमधल्या चिरा.

दुपारी चारच्या उन्हात सुरभीच्या तळहातावर एक टेंपो होता. रस्त्यावर रोज दिसतो तसा, साधा, मालाचा. फक्त पुढच्या नि बाजूच्या काचांवर अजून पांढरा रंग होता.

ती तो घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. वाल्मिकनी टीव्हीचा आवाज कमी केला, चष्मा कपाळावर सारला आणि टेंपो डोळ्यांजवळ नेला.

"अगं, हा आपल्या इथला टेंपो हाय. हा कंचा ग्रह मनायचा?"

"मला काही कळत नाहीये, बाबा."

"ते तुजं भिंग आन बघू." भिंगातून ते बराच वेळ बघत राहिले. "नंबरबी आपलाच हाय. एमएच झिरो सहा. आनि मागं नावं टाकल्यात. पोरांची टाकत्यात तशी."

"कुठली नावं?"

वाल्मिकनी एकेक अक्षर लावून वाचलं. "हमदान. आनि दुसरं... शगुफ्ता."

सुरभीला आधी राग आला. शगुफ्ता ही हमदानची मोठी बहीण, लग्न होऊन महाडला दिलेली, हे तिला बोलण्या-बोलण्यातून माहीत होतं. म्हणजे हा सगळा पोरखेळ होता. पण राग येता येताच दुसऱ्या बाजूने तिचं डोकं तिला विचारत होतं की एवढ्याशा फाळक्यावर एवढी अक्षरं कोणत्या ब्रशने काढली. तिच्याकडच्या सर्वांत बारीक ब्रशाचं टोकही ह्या अक्षरांपेक्षा जाड होतं.

तिने फोन लावला.

"हमदान, ही काय थट्टा आहे? टेंपो बनवून त्यावर रंग फासून मला देतोस? दोन दिवस घासत बसलेय मी."

"कुठला टेंपो, ताई?" मागे दुकानातले आवाज येत होते. कुणीतरी बाथरूमच्या लाद्यांचा भाव करत होतं.

"ज्याच्या मागे तुझं नाव आहे. तुझं आणि शगुफ्ताचं. निळी ताडपत्री आहे."

मग दुकानातले आवाज कमी झाले, तो बाहेर आला असावा. त्याने एक नंबर सांगितला. सावकाश, एकेक आकडा, पाठ केलेला पाढा म्हणावा तसा. सुरभी भिंगाखाली एकेक आकडा बघत होती. शेवटचा आकडाही जुळला.

"मागच्या फाळक्याला," तो म्हणाला, "डाव्या कोपऱ्यात पत्रा ठोकलाय का? पिवळा?"

पत्रा होता. पिवळाच होता.

"मी येतो," हमदान म्हणाला.

तो आला तेव्हा हेल्मेट काढायचं विसरून आत आला. टेंपो बघितला, पण हातात घेतला नाही. वाल्मिकनी त्याला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्याने जे सांगितलं ते सुरभीने आजवर कधी ऐकलं नव्हतं.

तो टेंपो त्याच्या वडिलांचा. त्यांचं नाव इद्रिस. हमदान नववीत असताना, श्रावणातल्या पावसात, ते लाद्या भरून खालापूरहून कर्जतला निघाले होते. शाळा लवकर सुटली होती म्हणून हमदान बरोबर गेला. खोपोलीवरून पळसदरीपर्यंत आले. तिथे इद्रिस म्हणाले, तू इथून घरी जा, अम्मी वाट बघत असेल. हमदान उतरला आणि चालत, मिळेल त्या गाडीला हात करत घरी आला. टेंपो कर्जतला पोचला नाही. परतही आला नाही. पोलिसांनी पळसदरीचं धरण बघितलं, नदी बघितली, घाटातल्या दऱ्या बघितल्या. लाद्यांचा एक तुकडा मिळाला नाही.

"मग लोक बोलायला लागले," हमदान म्हणाला. "खोपोलीची कुणी बाई होती म्हणे. अब्बा तिला बाजूला बसवून घाट चढून गेले असं. अम्मीने कधी कबूल केलं नाही. पण कुठल्या लग्नाला गेली की बायकांच्या नजरेला नजर देत नाही."

"आणि हा टेंपो? हा कोणी बनवला?" सुरभीने विचारलं.

"मला काय माहीत, ताई? तुम्हीच घासून काढलात ना?"

त्याच्या बोलण्यात आरोप नव्हता. तोही तिच्याइतकाच गोंधळला होता. मग हमदानने पांढऱ्या काचांकडे बोट केलं.

"हे पण उतरेल?"

"उतरेल. बहुतेक."

"नको, बाबा," वाल्मिक म्हणाले. "माजं ऐक. हाय तसा कापडात गुंडाळ नि नेऊन पळसदरीच्या पान्यात सोड."

हमदानने मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून ते सुरभीला कळलं नाही. "अम्मीला विचारतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आईला घेऊन आला. हवाबी सडपातळ होत्या, ताठ चालत होत्या, डोक्यावरची ओढणी दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेली. तीन जिने चढून आल्या तरी दम लागला नव्हता.

"या, भाभी, बसा," वाल्मिक म्हणाले.

"बसते, भाऊ. आधी दाखवा. कुटं हाय?"

सुरभी त्यांना गॅलरीत घेऊन गेली. बाहेर माथेरानच्या डोंगरावर अजून धुकं होतं आणि काचांतून कोवळं ऊन थेट टेबलावर पडलं होतं. हवाबींनी टेंपो उचलून तळहातावर घेतला. अंगठ्याने ताडपत्रीवरून हळूच हात फिरवला, झोपलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवतात तसा. रडल्या नाहीत. फक्त एकदा नाकाजवळ नेऊन वास घेतला.

"ओल्या लाद्यांचा वास येतो," त्या म्हणाल्या.

सुरभीला आतापर्यंत त्या टेंपोतून अल्कोहोलशिवाय दुसरा कसलाच वास आला नव्हता.

"बाय, ह्याची काच साफ कर."

"चाची, आत काय असेल मला माहीत नाही. काहीच नसेल कदाचित."

"लोकांनी मला सांगितलं बाजूला कोन बसली होती. मी पायली नाय. आज बघते."

सुरभीने डबा धुऊन त्यात नवं अल्कोहोल ओतलं. कापसाचा बोळा चिमट्यात धरला. टेंपो भिंगाखाली ठेवला. तिच्या डाव्या बाजूला हवाबी बसल्या होत्या, उजवीकडे हमदान उभा होता. तिने ड्रायव्हरच्या बाजूने सुरुवात केली.

पांढरा रंग सुटला. खाली काच होती. खरी काच असावी तशी आरपार.

आत माणूस होता.

तांदळाच्या कणीएवढं डोकं. पांढरी टोपी, छोटी दाढी. एक हात स्टिअरिंगवर, एक कोपर खिडकीच्या कडेला टेकवलेलं. सुरभीने आयुष्यात हजारो सैनिक रंगवले होते, पण असा चेहरा तिला कधी जमला नव्हता. चेहरा रंगवल्यासारखा दिसतच नव्हता. तो माणूस रस्त्याकडे बघत होता.

तिने भिंग हवाबींकडे वळवलं. त्यांनी वाकून पाहिलं.

"तेच हायेत," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आता दुसरीकडली."

सुरभीने नवा बोळा घेतला. ह्या बाजूचा रंग सावकाश सुटत होता, की तिचाच हात सावकाश चालला होता, तिला सांगता आलं नसतं. आधी खिडकीची चौकट दिसली. मग आत काहीतरी निळं. शर्ट.

"बाई हाय?" हवाबींनी विचारलं.

"नाही."

"कोन हाय मग?"

"मुलगा आहे. शाळेतला वाटतो." सुरभीने डोळे बारीक केले. "त्याचा डावा हात पांढरा आहे. गळ्यात अडकवलाय. चाची, हाताला प्लास्टर आहे त्याच्या."

हमदान पुढे झाला. भिंगातून बघताना त्याच्या श्वासाची वाफ भिंगावर धरली, त्याने पुसली, पुन्हा धरली. मग तो सरळ झाला आणि हसला. मोकळा, सुटल्यासारखा हसला.

"हा मी नाही," तो म्हणाला. "एक क्षण घाबरलोच होतो. शर्ट माझ्याच शाळेचा आहे, पण हा मी नाही. माझा हात कुठे कधी मोडलाय? हो ना, अम्मी?"

हवाबी भिंगाकडे बघत नव्हत्या. हमदानने टेबलाच्या कडेवर डावा हात टेकला होता. त्या त्या हाताकडे बघत होत्या.

"हो ना, अम्मी?"

"हो," हवाबी म्हणाल्या. "नाय मोडला."

"मग हा कोण? अब्बांनी वाटेत कुणाला तरी घेतलं असणार. मी उतरल्यावर." तो उत्साहाने बोलायला लागला होता. "म्हणजे बाई वगैरे काही नव्हतं. एखादा पोरगा. लिफ्ट मागितली असेल. इथे कोपऱ्यात अजून थोडा रंग राहिलाय, ताई, त्याचा चेहरा नीट—"

आणि बोलता बोलता त्याने डब्यात बोटं बुडवली.

"हात काड त्यातनं!"

हवाबी एवढ्या मोठ्याने ओरडल्या की बाहेरच्या खोलीतून वाल्मिक उठून आले. हमदानने दचकून हात काढला. टेबलावरच्या पांढऱ्या नॅपकिनला बोटं पुसली.

"काय झालं?"

"काय नाय. कपड्यांवर डाग पडंल. जा, गाडी काड. दुकान उघडायचं हाय."

तो नॅपकिन सुरभीच्या समोर पडला होता. त्यावर तीन बोटांचे ओले डाग होते. गव्हाळ रंगाचे.

तिने डब्यात पाहिलं. आत फक्त काचेवरचा पांढरा रंग तरंगत होता, दुसरा काही नाही. गव्हाळ रंग ती रोज मिसळायची, सैनिकांच्या चेहऱ्यांसाठी. तपकिरी, थोडा पिवळा, किंचित लाल. ह्या आठवड्यात तिने एकही सैनिक रंगवायला घेतला नव्हता. त्या रंगाच्या बाटल्यांची झाकणंही उघडली नव्हती.

हवाबींनी नॅपकिन उचलला. डाग आत जातील अशी त्याची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली आणि तो आपल्या पर्समध्ये ठेवला.

"धुऊन धाडते," त्या म्हणाल्या.

हमदान वाल्मिककाकांचा निरोप घेऊन जिना उतरून गेला. खाली मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. हवाबी चपला घालता घालता दारात थांबल्या.

"तो टेंपो त्याला देऊ नको."

"मग काय करू?"

"परत रंग चडव. होता तसा. काचंवर पयला."

"चाची, त्या मुलाचा हात..."

हवाबींनी जिन्याकडे एकदा बघून घेतलं. "चिंचेवरनं पडला होता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "प्लास्टर घालून आनलं त्याला आठवडा बी नव्हता झाला. मीच हात गळ्यात बांधून दिला नि बापाबरोबर धाडला. सांजच्याला आला तो दोनी हात हलवत आला."

"तुम्ही विचारलं नाही? कुणाला दाखवलं नाही?"

"काय विचारू, बाय? पोर दारात उभं होतं."

आपण काय ऐकलं आणि त्याचा काय अर्थ लावायचा, दोन्ही सुरभीच्या हातून निसटत होतं. खालून हमदानने हॉर्न वाजवला.

"ते औषध कसलं तुजं?" हवाबींनी विचारलं. "डब्यातलं?"

"अल्कोहोल आहे. औषध नाही तसं."

"कोरोनात हातावर घालायचे, तेच काय?"

"तेच. हे जरा जास्त तीव्र असतं."

हवाबींनी मान हलवली. ओढणी डोक्यावर सारखी केली आणि कठड्याला धरून पहिली पायरी उतरल्या.

"तेवा त्यानं दुकानाच्या दारात बाटली आनून ठेवली होती," त्या म्हणाल्या. "मी उचलून गटारात वतली. साबन ठेवला." आणखी एक पायरी उतरून त्या वळल्या. "साबनानं काय होत नाय."